उष्णतेचा हिशेबनीस : लॉर्ड केल्विन

निलंगा परिसरातील जुन्या विहिरींचे पाणी वैशाखात थंडगार आणि पौषात कोमट लागते, हा अनुभव शेतकऱ्याला नवा नाही. मे महिन्यात हवेचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो, हिवाळ्याच्या पहाटे तो बराच खाली उतरतो. जमिनीच्या पोटातील तापमान मात्र या चढउतारांना फारसे जुमानत नाही. या साध्या गोष्टीमागचे गणित मांडणारा, आणि बाहेरची उष्णता घरात आणून किंवा घरातली बाहेर टाकून घराचे तापमान राखणारे यंत्र १८५२ मध्येच कागदावर उतरवणारा शास्त्रज्ञ म्हणजे विल्यम थॉमसन, अर्थात लॉर्ड केल्विन.

आज युरोपातील अनेक सरकारे जमिनीतील उष्णतेवर चालणारा हीट पंप घरात बसवणाऱ्याला रोख अनुदान देतात. थॉमसन यांनी या यंत्राची कल्पना मांडली तेव्हा तिच्या पाठीशी असे कोणतेही आर्थिक बळ नव्हते आणि ती कित्येक दशके कागदावरच राहिली. त्याच दशकात थॉमसन यांचा हात लागलेल्या दुसऱ्या एका उद्योगाला सरकारने पैशाची हमी दिली आणि त्याने खंड जोडले. उपयुक्त शोध केवळ खरा आहे म्हणून घरात येत नाही. पहिला खर्च कोण सोसणार आणि कोणत्या अटीवर, यावर त्याचे भवितव्य ठरते. केल्विन यांच्या चरित्रातून हा धडा जितका स्पष्ट मिळतो, तितका क्वचितच दुसरीकडे मिळेल.

बेलफास्टचा बालविद्यार्थी

विल्यम थॉमसन यांचा जन्म २६ जून १८२४ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. वडील जेम्स थॉमसन हे गणिताचे शिक्षक. शेतकरी कुटुंबातून आलेल्या या गृहस्थांनी स्वतःच्या हिमतीवर शिक्षण घेतले होते आणि पाठ्यपुस्तके लिहून नाव मिळवले होते. विल्यम सहा वर्षांचा असताना आई गेली. मुलांचे पालनपोषण आणि शिक्षण वडिलांनी जातीने पाहिले. १८३२ मध्ये त्यांना ग्लासगो विद्यापीठात गणिताचे प्राध्यापकपद मिळाले आणि कुटुंब स्कॉटलंडला गेले. वयाच्या दहाव्या वर्षी विल्यमचे नाव विद्यापीठाच्या पटावर चढले. त्या काळी ग्लासगोत हुशार मुलांना लहान वयात प्रवेश मिळत असे, तरीही दहा वर्षे हे वय कौतुकाचेच होते.

पंधराव्या वर्षी पृथ्वीच्या आकारावर लिहिलेल्या निबंधाला सुवर्णपदक मिळाले. सोळाव्या वर्षी, १८४० मध्ये, फ्रेंच गणिती फूरिए यांचा उष्णतेच्या वहनावरील ग्रंथ त्याच्या हाती पडला आणि अवघ्या काही दिवसांत त्याने तो वाचून काढला. उष्णता एखाद्या घन पदार्थातून कशी सरकते, किती वेळात किती खोल पोचते, हे त्या ग्रंथात गणिताने सांगितले होते. थॉमसन यांच्या पुढील साठ वर्षांच्या कामाचे बीज या वाचनात आहे.

१८४१ मध्ये ते केंब्रिजच्या पीटरहाउस महाविद्यालयात दाखल झाले. तेथे अभ्यासाबरोबर नौकानयनातही त्यांनी बक्षीस पटकावले. १८४५ च्या गणित परीक्षेत त्यांचा दुसरा क्रमांक आला. पाठोपाठ झालेल्या स्मिथ पारितोषिकाच्या परीक्षेत ते पहिले आले. त्यानंतर काही महिने त्यांनी पॅरिसमध्ये रेन्यो यांच्या प्रयोगशाळेत काढले. वाफ, वायू आणि तापमान यांची काटेकोर मोजमापे कशी घ्यायची, हे त्यांनी तेथे प्रत्यक्ष हाताने शिकून घेतले. गणिताला मोजमापाची जोड मिळाली ती येथे.

१८४६ मध्ये, वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी, थॉमसन ग्लासगो विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. हे पद त्यांनी पुढे ५३ वर्षे भूषवले. तीनच वर्षांनी कॉलऱ्याने वडिलांचे निधन झाले.

जमिनीखालचे ऋतू

प्राध्यापकपद स्वीकारताना थॉमसन यांनी सादर केलेला प्रबंध पृथ्वीच्या अंतर्भागातील उष्णतेच्या वाटणीवर होता. हा विषय त्यांनी पुढे सोडला नाही. एडिंबरोच्या काल्टन टेकडीवर जेम्स फोर्ब्स या शास्त्रज्ञाने १८३७ मध्ये खडकात लांब नळ्यांचे तापमापक पुरले होते. सर्वांत वरचा तापमापक तीन फ्रेंच फुटांवर, तर सर्वांत खालचा २४ फुटांवर, म्हणजे सुमारे आठ मीटरवर होता. वर्षानुवर्षे घेतलेल्या या नोंदींना थॉमसन यांनी १८६० मध्ये फूरिए यांचे गणित लावले.

निष्कर्ष मोठा रंजक होता. उन्हाळ्याची उष्णता जमिनीत हळूहळू उतरते आणि उतरता उतरता क्षीण होते. आठ मीटर खोलीवर ती पोचायला जवळजवळ सहा महिने लागतात. त्यामुळे वर कडाक्याची थंडी असते तेव्हा खाली उन्हाळा चालू असतो, आणि तोही नावापुरताच. त्याहून खाली गेल्यावर ऋतूंचा फरक जवळजवळ संपतो. तेथील तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास स्थिर राहते. मराठवाड्यात ही सरासरी २६-२७ अंश सेल्सियसच्या घरात आहे. निलंग्याच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात कोमट का वाटते, याचे उत्तर या हिशेबात आहे. पाणी फारसे बदलत नाही, बदलते ती बाहेरची हवा.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. उन्हपाण्याचे झरे किंवा ज्वालामुखीच्या प्रदेशातील भूगर्भीय उष्णता ही गोष्ट निराळी. जमिनीच्या वरच्या शे-दोनशे मीटरमधील उष्णता बहुतांशी सूर्याकडून आलेली आणि मातीने, खडकाने साठवलेली असते. ती कोणत्याही गावात, कोणत्याही घराखाली उपलब्ध असते.

१८५२ चे यंत्र

१८४७ मध्ये ऑक्सफर्ड येथील एका विज्ञान परिषदेत थॉमसन यांची जेम्स जूल यांच्याशी गाठ पडली. काम आणि उष्णता ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, हे जूल प्रयोगाने दाखवत होते. फ्रान्सच्या सादी कार्नो यांनी वाफेच्या इंजिनाच्या कार्यक्षमतेची मर्यादा त्याआधीच मांडली होती. या दोन विचारांचा मेळ घालण्याचे अवघड काम थॉमसन यांनी हाती घेतले. १८४८ मध्ये त्यांनी तापमानाची निरपेक्ष मोजपट्टी सुचवली. पारा, अल्कोहोल अशा कोणत्याही पदार्थाच्या गुणधर्मावर ती अवलंबून नव्हती. तिच्यातील शून्य अंश म्हणजे उणे २७३ अंश सेल्सियसच्या थोडे खाली. १८५१ पासून प्रसिद्ध झालेल्या लेखमालेत त्यांनी उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाला स्पष्ट रूप दिले.

याच विचारातून १८५२ च्या अखेरीस एक अत्यंत व्यावहारिक निबंध निघाला. विषय होता, हवेच्या प्रवाहाने इमारती गरम किंवा थंड करण्यातील काटकसर. त्याआधी चार्ल्स पियाझी स्मिथ या खगोलशास्त्रज्ञाने उष्ण प्रदेशांतील खोल्यांची हवा यंत्राने थंड करण्याची पद्धत मांडली होती. थॉमसन यांनी हेच चक्र उलटे फिरवले तर थंड प्रदेशातील घर उबदार करता येईल, हे दाखवले.

त्यांचे यंत्र दोन सिलिंडरांचे होते. पहिल्यात बाहेरची हवा प्रसरण पावून गार होई. गार झालेली ही हवा एका धातूच्या टाकीतून जाताना बाहेरच्या वातावरणातून उष्णता शोषून घेई. दुसऱ्या सिलिंडरात ती पुन्हा दाबली जाई आणि दाबल्यामुळे मूळ तापमानापेक्षा अधिक तापून घरात येई. कोळसा शेगडीत जाळला तर त्यातली जितकी उष्णता असेल तितकीच फार तर मिळेल. तोच कोळसा इंजिनात जाळून हे यंत्र चालवले तर बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून आणता येते आणि घराला मिळणारी एकूण ऊब कोळशाच्या ऊर्जेपेक्षा जास्त भरू शकते. हे ऐकताना जादू वाटते, पण उष्मागतिकीच्या कोणत्याही नियमाचा त्यात भंग होत नाही. आपल्या स्वयंपाकघरातील फ्रीजही याच तत्त्वावर चालतो. आतली उष्णता तो मागच्या जाळीतून बाहेर फेकतो.

आजचा चांगला हीट पंप एक युनिट वीज घेऊन घरात तीन ते चार युनिट उष्णता पोचवतो. उष्णतेचा उगम जितका उबदार, तितके यंत्राला श्रम कमी. हिवाळ्यात बाहेरची हवा शून्याखाली जाते तेव्हा १० अंशांवर स्थिर असलेली जमीन हा उत्तम उगम ठरतो. त्यासाठी जमिनीत नळ्या पुरून त्यांतून पाणी खेळवतात आणि त्या पाण्याने आणलेली उष्णता पंप घरात सोडतो.

थॉमसन यांच्या काळात मात्र ब्रिटनमध्ये कोळसा स्वस्त आणि मुबलक होता. दोन अवाढव्य सिलिंडर आणि ते चालवणारे वाफेचे इंजिन घरी बसवण्यापेक्षा शेगडीत चार खोरी कोळसा अधिक टाकणे गृहस्थाला परवडत होते. बचत खरी होती; पण ती हळूहळू, वर्षानुवर्षे मिळणारी. खर्च मात्र पहिल्याच दिवशी. या अडचणीवर शास्त्रात उत्तर नव्हते, ते तिजोरीत होते.

केबलला मिळाले, ते पंपाला नाही

तिजोरी उघडल्यावर काय घडते, याचा अनुभव थॉमसन यांना लवकरच आला. १८५६ मध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी तार टाकून ब्रिटन आणि अमेरिका जोडण्यासाठी एक कंपनी स्थापन झाली. सायरस फील्ड हे अमेरिकी उद्योजक तिचे प्रमुख सूत्रधार होते. भांडवल साडेतीन लाख पौंडांचे. ब्रिटिश सरकारने तार टाकण्यासाठी जहाज दिले आणि संदेशांच्या मोबदल्यात दर वर्षी १४ हजार पौंड देण्याचे मान्य केले. ही रक्कम भांडवलाच्या चार टक्के होती. अमेरिकी सरकारनेही मदत केली. थॉमसन कंपनीचे एक संचालक होते.

पहिला प्रयत्न १८५७ मध्ये तार तुटल्याने फसला. ऑगस्ट १८५८ मध्ये तार पूर्ण झाली आणि राणी व्हिक्टोरियाचा संदेश अमेरिकेच्या अध्यक्षांकडे गेला. अवघ्या ९८ शब्दांच्या त्या संदेशाला सुमारे १६ तास लागले. लांब तारेत संकेत का रेंगाळतो, हे थॉमसन यांनी आधीच गणिताने दाखवले होते. गंमत अशी, की ते समीकरण फूरिए यांच्या उष्णतेच्या समीकरणाशी जुळणारे होते. जमिनीत उन्हाळा जसा उशिरा आणि फिका होऊन पोचतो, तसाच तारेत विजेचा ठोका. म्हणून सौम्य दाब वापरावा आणि संकेत टिपणारे साधन अतिशय नाजूक असावे, असे त्यांचे मत होते. त्यांनी चिमुकल्या आरशाचे गॅल्व्हानोमीटर तयार केले. आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशाचा ठिपका पट्टीवर डावी-उजवीकडे सरके आणि त्यावरून अक्षरे वाचली जात. कंपनीचे विद्युत अधिकारी वाइल्डमन व्हाइटहाउस यांचा भर मात्र जबर दाबावर होता. काही आठवड्यांतच तार निकामी झाली.

त्याच सुमारास तांबड्या समुद्रातून भारताकडे येणाऱ्या तारेचा प्रकरणा गाजला. आठ लाख पौंडांच्या या योजनेला ब्रिटिश सरकारने ५० वर्षांसाठी साडेचार टक्के परताव्याची हमी दिली होती. तार चालो वा न चालो, हमी कायम. १८५९-६० मध्ये टाकलेली ही तार तुकड्यातुकड्याने बंद पडली. सरकारवर मात्र दर वर्षी ३६ हजार पौंडांचा बोजा कायमचा बसला. या अपयशांनंतर सरकार आणि अटलांटिक कंपनी यांची संयुक्त चौकशी समिती नेमण्यात आली. तिच्यासमोर थॉमसन यांनीही साक्ष दिली. तांब्याची शुद्धता, वेष्टनाचा दर्जा, विजेच्या मोजमापाची प्रमाणित एकके या गोष्टींना त्यानंतर महत्त्व आले. पुढे सरकारने अटलांटिक तारेला नव्याने आधार देऊ केला, तेव्हा हमीला तार चालू राहण्याची अट जोडली.

१८६५ मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' या महाकाय जहाजावरून तार टाकताना ती पुन्हा तुटली. १८६६ मध्ये मात्र यश आले आणि आदल्या वर्षीची तुटलेली तारही समुद्राच्या तळातून शोधून जोडण्यात आली. थॉमसन दोन्ही मोहिमांत जहाजावर होते. त्याच वर्षी त्यांना सर हा किताब मिळाला. १८७० मध्ये याच 'ग्रेट ईस्टर्न'ने मुंबई ते एडन ही तार टाकली आणि मुंबई समुद्रमार्गे लंडनशी जोडली गेली.

स्वतःच्या खर्चाने उजळलेले घर

१८५२ मध्ये थॉमसन यांचा मार्गारेट क्रम यांच्याशी विवाह झाला. लग्नानंतर लवकरच त्या आजारी पडल्या आणि १८७० मध्ये निधन होईपर्यंत त्यांची प्रकृती सुधारली नाही. पत्नीच्या शुश्रूषेत थॉमसन यांची बरीच वर्षे गेली. मूलबाळ नव्हते. पुढे त्यांनी 'लल्ला रूख' नावाची शिडाची नौका घेतली आणि उन्हाळे समुद्रावर घालवले. १८७४ मध्ये मदीरा बेटावरील फ्रान्सिस ब्लँडी यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. समुद्राच्या या ओढीतून सुधारित होकायंत्र आणि खोली मोजण्याचे यंत्र तयार झाले. तारांचे संदेश कागदावर शाईने उमटवणारे सायफन रेकॉर्डर हे साधनही त्यांचेच. या साधनांच्या पेटंटमधून त्यांना मोठी संपत्ती मिळाली.

या संपत्तीच्या बळावर १८८१ मध्ये त्यांनी ग्लासगोतील आपले घर विजेच्या दिव्यांनी उजळले. संपूर्ण घर विजेवर उजळण्याची ही जगातील अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी एक घटना. त्याच वर्षी यॉर्क येथील परिषदेत त्यांनी निसर्गातील ऊर्जास्रोतांचा आढावा घेतला. कोळसा एक दिवस संपणार, मग वाऱ्याकडे आणि धबधब्यांकडे वळावे लागेल, हे त्यांनी त्या काळी मांडले. नवे यंत्र घरात आणण्याचा पहिला मार्ग त्यांनी स्वतः अनुसरला, तो म्हणजे ऐपतदाराने स्वखर्चाने आणण्याचा. तो मार्ग सर्वांसाठी खुला नव्हता.

एक चूक, निलंग्याच्या खडकाने उघड केलेली

केल्विन यांच्या थोरवीबरोबर त्यांची एक मोठी चूकही सांगितली पाहिजे. पृथ्वी एके काळी तप्त गोळा होती आणि ती सतत निवत आली आहे, असे धरून खोलीबरोबर तापमान किती वाढते यावरून त्यांनी १८६२ मध्ये पृथ्वीचे वय काढले. ते दोन कोटी ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान आले. १८९७ मध्ये त्यांनी ते दोन ते चार कोटी वर्षांवर आणले. भूशास्त्रज्ञांना आणि डार्विनच्या अनुयायांना हा काळ फारच अपुरा वाटला. केल्विन यांचेच जुने सहायक जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये त्यांच्या गृहीतकांवर बोट ठेवले होते, पण केल्विन ठाम राहिले. पृथ्वीच्या पोटात किरणोत्सर्गी द्रव्यांची उष्णता सतत निर्माण होते, हे नंतर उघड झाले. आज पृथ्वीचे वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षे मानले जाते.

निलंग्याच्या शिवारात कुदळ मारली तरी या चुकीचा पुरावा लागतो. येथील काळा खडक हा दख्खनच्या लाव्हारसाचा. त्याचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास आहे. केल्विन यांनी अखेरीस संपूर्ण पृथ्वीला दिलेल्या आयुष्यापेक्षा हा एकटा खडकच वयाने मोठा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर शेजारच्या किल्लारी येथे शास्त्रज्ञांनी खोल छिद्र घेतले, तेव्हा हा थर सुमारे ३४० मीटर जाड असल्याचे आणि त्याखाली कितीतरी पुरातन खडक असल्याचे दिसले.

थॉमसन यांना १८९२ मध्ये सरदारकी मिळाली. ग्लासगो विद्यापीठाशेजारून वाहणाऱ्या केल्विन नदीचे नाव त्यांनी घेतले. १८९९ मध्ये ते प्राध्यापकपदावरून निवृत्त झाले आणि लगेच त्याच विद्यापीठात संशोधक विद्यार्थी म्हणून त्यांनी नाव नोंदवले. १७ डिसेंबर १९०७ रोजी लार्ग्ज येथील निवासस्थानी त्यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यूटनच्या समाधीजवळ त्यांना दफन करण्यात आले. निरपेक्ष तापमानाच्या एककाला आज केल्विन असेच नाव आहे.

यंत्राचा पुनर्जन्म

केल्विन यांच्या हयातीत हीट पंप घराघरांत गेला नाही. ऑस्ट्रियात पेटर फॉन रिटिंगर यांनी १८५६-५७ च्या सुमारास मिठागरात याच तत्त्वाचे यंत्र चालवले, पण ते कारखान्यासाठी. जमिनीतील उष्णता वापरण्याची कल्पना स्वित्झर्लंडच्या हाइनरिख झोली यांनी १९१२ च्या पेटंटात मांडली. १९२० च्या दशकाच्या अखेरीस हाल्डेन या अभियंत्याने स्कॉटलंडमध्येच आपल्या घरी हीट पंप चालवून दाखवला. १९३८ मध्ये झुरिकच्या नगरभवनाने नदीच्या पाण्यातील उष्णता घेतली, तर १९५१ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलने थेम्सची. १९७३ च्या तेलसंकटानंतर स्वीडनसारख्या देशांनी हा पंप मनावर घेतला.

तरी जुनी अडचण कायम होती. जमिनीत शंभर-दीडशे मीटरचे बोअर घेणे किंवा अंगणभर चर खणून नळ्या पुरणे हे महागाचे काम आहे. म्हणून ब्रिटनने एप्रिल २०१४ मध्ये घरगुती वापरासाठी योजना आणली. पंप बसवणाऱ्याला सात वर्षे, दर तीन महिन्यांनी, उष्णतेच्या हिशेबाने पैसे मिळत. सुरुवातीचा खर्च मात्र घरमालकानेच करायचा होता, त्यामुळे ज्याच्या गाठीला पैसा त्यालाच ती सोयीची ठरे. मार्च २०२२ अखेर ती नव्या अर्जांसाठी बंद झाली. त्यानंतर इंग्लंड आणि वेल्समध्ये एकरकमी अनुदान सुरू झाले. जमिनीच्या पंपाला प्रथम ६ हजार पौंड आणि ऑक्टोबर २०२३ पासून ७,५०० पौंड, म्हणजे आठ लाख रुपयांहून अधिक. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने खर्चाच्या ३० टक्के करसवलत दिली होती. २०२५ च्या कायद्याने ती त्या वर्षाअखेरीस संपवली.

आणि केल्विन यांच्या जन्मगावी काय घडले? बेलफास्ट ही उत्तर आयर्लंडची राजधानी. तेथील सरकारने २०१२ मध्ये व्यावसायिक वापरासाठी उष्णतेची प्रोत्साहन योजना आणली. तिचा लाभ प्रामुख्याने लाकडाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या बॉयलरना झाला. दर युनिट मिळणारे अनुदान इंधनाच्या खर्चापेक्षा जास्त होते आणि त्याला वरची मर्यादा नव्हती. जितके जाळावे तितका नफा, असा उलटा हिशेब झाला. २०१६ मध्ये योजना नव्या अर्जदारांना बंद करावी लागली. जानेवारी २०१७ मध्ये उपमुख्यमंत्री मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला, सरकार कोसळले आणि तीन वर्षे तेथे मंत्रिमंडळ नव्हते. तांबड्या समुद्राच्या तारेची पुनरावृत्तीच ही. परिणाम न मोजता दिलेला पैसा यंत्राला नव्हे, लबाडीला प्रोत्साहन देतो.

मराठवाड्यासाठी हिशेब

महाराष्ट्राला घरगुती ऊर्जेचे अनुदान नवे नाही. १९८१-८२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय प्रकल्पातून खेड्यापाड्यांत गोबरगॅस गेला. पुढे सौरबंब आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत छतावरील तीन किलोवॉट सौरसंचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान ठरले. भूकंपानंतर लातूर-धाराशिव परिसरात घरे बळकट करण्यासाठी सरकारने पैसे दिले, तेव्हा त्याबरोबर तांत्रिक देखरेखही ठेवली गेली. घराच्या बांधणीत बदल घडवायचा तर पैसा आणि देखरेख दोन्ही लागतात, हे या भागाने जवळून पाहिले आहे.

जमिनीच्या हीट पंपाचे येथील काम युरोपच्या उलटे राहील. तेथे ऊब हवी, येथे गारवा. मे महिन्यात एअर कंडिशनरला घरातील उष्णता ४१-४२ अंशांच्या हवेत ढकलावी लागते. तीच २७ अंशांच्या जमिनीत सोडली तर वीज कमी लागते. पण अडचणीही आहेत. युरोपात पंप हिवाळ्यात जमिनीतून उष्णता काढतो, ती उन्हाळ्यात भरून निघते. येथे वर्षानुवर्षे केवळ उष्णता ओतली तर बोअरभोवतीची जमीनच तापत जाईल आणि लाभ घटेल. कोरडी माती उष्णता नीट वाहून नेत नाही, आणि मराठवाड्याची भूजल पातळी उन्हाळ्यात किती खालावते हे सांगायला नको. म्हणून एकेका घरापेक्षा रुग्णालय, वसतिगृह, शीतगृह अशा ठिकाणी आधी मोजमाप करून पाहणे शहाणपणाचे. दर घराला नव्हे, तर वाचलेल्या युनिटला अनुदान, असा विचार त्यातून पुढे येऊ शकतो.

केल्विन यांची आयुष्यभराची शिस्त मोजण्याची होती. कल्पना मोजून तपासावी, यंत्र मोजून चालवावे. पृथ्वीच्या वयाबाबत ते चुकले ते त्यांनी मोजले नाही म्हणून नव्हे; न मोजलेल्या गृहीतकावर फार काळ विसंबले म्हणून. अनुदानाची योजना आखणाऱ्यांनाही हाच निकष लागू पडतो. पहिल्या दिवसाचा खर्च गृहस्थाच्या खांद्यावरून उतरवावा, पण पैसा प्रत्यक्ष परिणामाशी बांधलेला असावा. या दोन्ही गोष्टी जमल्या म्हणून १८६६ ची तार टिकली. पहिली गोष्ट झाली नाही म्हणून १८५२ चे यंत्र कपाटात राहिले.